पहिलीतल्या मुलीला किती शिकवायचं, हे कोण ठरवतं?

लोकलमध्ये, बसमध्ये, नाहीतर घरी भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. ऐकायला वेळ नाही म्हणून हा भाग वाचत असाल, तर तुमचंही.

जुन्या श्रोत्यांना माहीत आहे, मी दिवसा कोड लिहिते आणि रात्री इतिहास वाचते. आजचा प्रश्न इतका साधा आहे की तुम्ही म्हणाल, यावर काय अख्खा भाग करायचा? प्रश्न असा: पहिली-दुसरीतली मुलगी शाळेत काय शिकते?

उत्तर सोपं आहे. मुळाक्षरं, बाराखडी, शंभरपर्यंत अंक, थोडी बेरीज-वजाबाकी, दोन-चार पाढे, चार-सहा कविता. शेजारच्या बाकावरचा मुलगा जे शिकतो तेच.

हे जे ‘तेच’ आहे ना, मुलाइतकंच आणि मुलासारखंच, आज आपण त्याच्याबद्दल बोलणार आहोत. कारण ते आपोआप आलेलं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या पाटीवर काय असावं, यावर आपल्याकडे शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालला. त्यात मिशनरी आले, सरकारी आयोग आले, राजे आले, लोकमान्य आले. आणि सगळ्या वादात एक प्रश्न कायम होता: ‘तिला त्याचा उपयोग काय?’

आधी मुलग्यांची पाटी बघू

मुलींच्या शाळेकडे जायच्या आधी मुलग्यांची जुनी शाळा बघावी लागेल, कारण ‘उपयोग’ हा शब्द तिथून येतो.

१८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. शाळा म्हणजे कुणाची तरी पडवी, नाहीतर देवळाची ओवरी. मूल धूळपाटीवर लिहायचं. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि त्यात अक्षरं गिरवायची. चुकलं की हाताने पुसायचं, पुन्हा गिरवायचं. मग मोडी. आणि मग पाढे.

पण पाढे म्हणजे नुसते ‘बे एके बे’ नाहीत हं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे चक्क साडेतीनचा पाढा! आज आपल्याला सव्वाचा पाढा म्हणायला लावला तर आपण मोबाइल काढू. तेव्हाची पोरं तो घडाघडा म्हणायची.

का? कारण रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. बाजारात कुणी सव्वा शेर मागतो, कुणी अडीच. हिशेब तोंडी हवा. थोडक्यात, तो सगळा अभ्यासक्रम कारकून, कुलकर्णी आणि दुकानदार तयार करण्यासाठी होता. सहा-सात वर्षांच्या मुलाला दिलेलं ते कामाचंच ट्रेनिंग होतं.

आता यात मुलगी कुठे बसते? कुठेच नाही. ती कारकून होणार नव्हती, दुकानाच्या गल्ल्यावर बसणार नव्हती. म्हणून पंतोजींच्या शाळेत मुली जवळजवळ नसायच्याच. त्यावर, शिकलेल्या बाईचा नवरा मरतो अशी भीती घातलेली. म्हणजे ‘उपयोग नाही’ हे पहिलं कुलूप आणि ‘अपशकुन होतो’ हे दुसरं.

काही घरांत एखादी मुलगी पोथी वाचण्यापुरती अक्षरं शिकायची. पण एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. पोथी असायची बाळबोध लिपीत, म्हणजे आजच्या आपल्या देवनागरीत. आणि घरातली पत्रं, हिशेब, जमिनीचे कागद असायचे मोडीत. म्हणजे नुसती बाळबोध येणारी बाई रामाची गोष्ट वाचू शकत होती, पण स्वतःच्या घराच्या जमिनीचा कागद नाही. आमच्या धंद्यात याला रीड-ओन्ली ॲक्सेस म्हणतात, आणि तोसुद्धा एकाच फोल्डरचा.

भिडे वाड्यातली वेगळी गोष्ट

मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची शाळा काढली ती १८२४ मध्ये. लिहिणं-वाचणं होतं, सोबत शिवणकाम आणि बायबल होतं. याच मिशनच्या सिंथिया फरार या बाई पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. ते काम जोतीराव फुल्यांनी पाहिलं आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली.

ही तारीख आपल्याला पाठ आहे. शेणगोळ्यांची गोष्टही पाठ आहे. पण त्या वाड्यात शिकवत काय होते, हे आपण फार विचारत नाही.

शिकवणाऱ्या सावित्रीबाई तेव्हा १७ वर्षांच्या. त्यांचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती, ती जोतीरावांनी करून दिली. म्हणजे ज्या बाई मुळाक्षरं शिकवत होत्या, त्यांनीही ती काही वर्षांपूर्वीच गिरवली होती. १८५१ मध्ये बुधवार पेठेतल्या चिपळूणकरांच्या वाड्यात आणखी एक शाळा निघाली. पहिल्या दिवशी मुली होत्या ८. पुढे त्या ४८ झाल्या. मग रास्ता पेठ, वेताळ पेठ. महार-मांग मुलामुलींसाठीही शाळा निघाल्या.

आणि विषय? वाचन, लेखन, अंकगणित, व्याकरण, भूगोल. मुलींसाठी वेगळं, हलकं असं काही काढलेलं नाही. परीक्षा जाहीर व्हायच्या, लोकांसमोर. पुणेकर बघायला जमायचे. आज कुणाच्या पहिलीतल्या पोरीची तोंडी परीक्षा भर चौकात घेतली तर आपल्याला विचित्र वाटेल. पण तेव्हा मुद्दाच तो होता: हिला येतं, हे सगळ्यांना दिसू दे.

मग १८५५ मध्ये एक गोष्ट घडली. या शाळेत साधारण तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात फेब्रुवारी-मार्च १८५५ मध्ये दोन भागांत छापून आला. लिहिणारी वयाने शाळकरीच होती. जो धर्म आम्हाला माणूस म्हणत नाही तो आमचा कसा, अशा धाटणीचे प्रश्न तिने विचारले होते.

आता मला सांगा, हा निबंध कुठल्या अभ्यासक्रमात होता? तिला काही कुणी ‘तिसऱ्या वर्षी समाजाला जाब विचारा’ असा धडा दिला नव्हता. तिला अक्षरं दिली होती. पुढचं तिने ठरवलं.

मला वाटतं, अख्ख्या वादाचं मूळ इथे आहे. शिवणकाम शिकवलं तर मुलगी काय करेल हे आधीच सांगता येतं, ती शिवेल. अक्षरं शिकवली तर ती काय लिहील, हे कुणालाच सांगता येत नाही. ‘उपयोग काय?’ असं विचारणाऱ्यांना खरं म्हणजे ही अनिश्चितता नको होती.

१८८२: ‘मुलींसाठी जरा सोपं’

पुढे १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाची पाहणी करायला आयोग नेमला. हंटर आयोग. जोतीरावांनी त्याला निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेत काय असावं याची त्यांनी यादीच दिली आहे: वाचन, मोडी आणि बाळबोध दोन्ही लिपींचं लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्याचे काही धडे. बघा, मोडीसुद्धा आणि हिशेबसुद्धा. निवेदनाच्या शेवटी मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठी सढळ हाताने उपाय करा, असंही म्हटलंय. याच आयोगासमोर पंडिता रमाबाईंनीही साक्ष दिली आणि मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हव्यात असा आग्रह धरला.

आयोगाने काय केलं? मुलींच्या शाळांना पैसे द्या, शिक्षिका तयार करा, अशा चांगल्या शिफारशी केल्या. पण एक शिफारस अशी होती: मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा सोपा असावा आणि तो घरगुती गरजा व बायकांना करता येण्यासारखी कामं लक्षात घेऊन आखावा.

ऐकायला काळजीचं वाटतं. पण अर्थ काय होतो? सात वर्षांची मुलगी अजून पाटी हातात धरतेय आणि ती पंचविसाव्या वर्षी कुठे असेल, हे आयोगाने ठरवून टाकलंय. स्वयंपाकघरात. मग तिथून उलटं मोजत यायचं: तिथे किती गणित लागतं? तेवढंच शिकवा.

पुण्यात १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल निघालं, आपली हुजूरपागा, तेव्हा हाच वाद मोठ्या मुलींबद्दल पेटला. १८८७ मध्ये लोकमान्य टिळकांच्या ‘मराठा’ने तिथल्या अभ्यासक्रमावर टीका केली. सूर असा की हा अभ्यासक्रम आणि शाळेची वेळ हिंदू घरातल्या मुलींच्या गरजांना धरून नाही. टिळक मोठे होतेच, त्यांचं मोठेपण इथे कमी करायचं नाही. पण या बाबतीत त्यांचा प्रश्न तोच जुना होता: घरात उपयोग काय?

या प्रश्नाचं उत्तर एका बाईने जगून दिलं. रमाबाई रानडे. १८७३ मध्ये लग्न होऊन आल्या तेव्हा ११ वर्षांच्या होत्या आणि त्यांना एकही अक्षर येत नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांनी त्या सासरी आल्या आल्या पाटी-पेन्सिल हातात दिली आणि स्वतः मुळाक्षरं शिकवायला बसले. म्हणजे त्यांची ‘पहिली’ सासरच्या खोलीत, रात्री, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खात झाली. साधारण दहा वर्षांत याच रमाबाई मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी भर सभेत गव्हर्नरसमोर इंग्रजीत निवेदन वाचत होत्या! आणि १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, तेव्हा प्रौढ बायकांसाठी प्राथमिक वर्ग काढले. वीस-पंचवीस वर्षांच्या बायका, बऱ्याचशा विधवा, पाटी घेऊन पहिलीला बसल्या. रमाबाईंना ते कसं असतं हे माहीत होतं.

बडोदा: मुलगी दहाव्या वर्षी मोकळी

आता जरा बडोद्याला जाऊ. महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे. १८७५ मध्ये दत्तक गेले तेव्हा १२ वर्षांचे होते आणि लिहिणं-वाचणं त्यानंतरच शिकले. उशिरा शिकलेल्या माणसाला शिक्षणाची किंमत जास्त कळते, असं म्हणतात. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. मुलींनासुद्धा सक्ती. त्या काळात हे केवढं धाडस होतं बघा. ब्रिटिश सरकारने आपल्या मुलखात तोपर्यंत असं काही केलं नव्हतं.

पण कायद्यातले आकडे बघा. मुलग्यांना सक्ती ७ ते १२ वर्षं. मुलींना ७ ते १०.

दोन वर्षं कमी. का, हे सांगायला नको. दहाव्या वर्षानंतर घरात काम, मग लग्न. इतका पुरोगामी राजा, तरी कायद्याला समाजाच्या उंबऱ्यापाशी थांबावं लागलं. पाटीवर काय लिहायचं हा वाद थोडा मिटला, तर पाटी किती वर्षं हातात ठेवायची हा सुरू झाला.

माझ्या आजीची दुसरी

इथे मला माझ्या आजीबद्दल सांगायचंय.

आजी सातारा जिल्ह्यातली. साधारण स्वातंत्र्याच्या सुमारास ती दुसरीत होती. अक्षरं येत होती, जोडाक्षरं नुकती सुरू झाली होती. मग धाकटा भाऊ झाला, आई शेतावर जायला लागली आणि पोराला कडेवर घ्यायला आजी घरी राहिली. ती राहिली ती कायमचीच.

आजी रोज पोथी वाचायची. अक्षरावर बोट ठेवून, हळूहळू, मोठ्याने. जोडाक्षर आलं की थांबायची, चष्मा सारखा करायची, अंदाजाने पुढे जायची. पण लिहायची नाही. पेन्शनच्या कागदावर तिने शेवटपर्यंत अंगठा दिला. मी एकदा म्हटलं, “आजी, तुला वाचता येतं, मग सही का नाही करत?” ती म्हणाली, “वाचताना कुणी बघत नाही गं. लिहिताना सगळे बघतात.”

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केलाय. वाचणं तिने स्वतःच टिकवलं. लिहायला सराव लागतो, शाळेची आणखी दोन-तीन वर्षं लागतात. ती तिच्या भावाच्या वाट्याला गेली. पुढे तो शिकला आणि नोकरीला लागला. आजीला त्याचं कौतुकच होतं. पण तो शिकावा म्हणून कोण घरी राहिलं, हे मात्र घरात कुणी कधी बोललं नाही.

आता गंमत बघा. साधारण त्याच काळात, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी काम सुरू करत होत्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवर त्यांना दिसलं की मोठी मुलं, विशेषतः मुली, शाळेत येत नाहीत कारण कडेवर धाकटं भावंड असतं. मग त्यांनी काय केलं? पालकांना भाषण नाही दिलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणत. कडेवरचं पोर पाळणाघरात ठेव, मधलं बालवाडीत बसव आणि तू ये पहिलीत.

किती साधी गोष्ट! पण शंभर वर्षं अभ्यासक्रमावर वाद घालणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं. अभ्यासक्रम कितीही चांगला असू दे, मुलीचे हात मोकळे नसतील तर पाटी धरणार कोण? माझ्या आजीच्या गावात अशी एक खोली असती तर... असो.

‘तेच’ कागदावर कधी आलं?

१९५१ च्या जनगणनेत देशातल्या १०० बायकांपैकी जेमतेम ९ साक्षर होत्या. आणि मुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, हा प्रश्न स्वतंत्र भारतातही संपला नव्हता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर एक समिती बसली, तिच्या अध्यक्ष हंसा मेहता.

या बाईंचं नाव आपल्याला माहीत पाहिजे. वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण, म्हणजे त्याच सयाजीरावांच्या राज्यात. हंसाबेन आपल्या संविधान सभेत होत्या. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते बदलून ‘सर्व माणसं’ असं व्हावं म्हणून त्या भांडल्या, आणि ते झालं.

त्यांच्या समितीने सांगितलं: प्राथमिक आणि माध्यमिकच्या खालच्या वर्गांत मुलामुलींच्या अभ्यासक्रमात फरक नको. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) ही भूमिका उचलून धरली. भिडे वाड्यात जे १८४८ मध्ये चालू होतं, ते देशाच्या धोरणात यायला एक शतक उलटून गेलं.

मग संपलं का सगळं? विषय एक झाले, चित्रं नाही झाली. आपल्या किती पुस्तकांत आई पोळ्या लाटायची आणि बाबा पेपर वाचायचे, आठवून बघा. सहा वर्षांची मुलगी अक्षरं वाचायच्या आधी चित्रं वाचते. शब्द सांगतात ‘तू काहीही हो’ आणि शेजारचं चित्र सांगतं ‘तू इथे, ओट्यापाशी’. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा मिळून भाजी निवडतायत असं चित्र आलं, तर त्याची बातमी झाली! भाजी निवडणाऱ्या बाबांची बातमी होते, यातच सगळं आलं.

आणि आकडेही संपलेले नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर होती, बायकांची ७६ टक्क्यांच्या आसपास. मधले ते १२ टक्के म्हणजे नुसता आकडा नाही. त्यात कुणाच्या तरी आज्या आहेत, मावश्या आहेत, कडेवर भाऊ घेतलेल्या मुली आहेत.

मला या सगळ्यातून एक गोष्ट कळते. ‘मुलीला किती शिकवायचं’ हे ज्यांनी तिच्या भविष्यावरून ठरवलं, त्यांचं गणित दर वेळी कमी पडलं. मुक्ता साळवेचं कमी पडलं, रमाबाईंचं कमी पडलं. पहिलीच्या वर्षाचं मोल हेच आहे की त्यातून पुढे काय निघेल हे कुणाला माहीत नसतं. ते माहीत नसू द्यावं आणि सगळी अक्षरं द्यावीत.

आज एक काम करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारा: तू कितवीपर्यंत शिकलीस, पहिलीत काय शिकवलं होतं, आणि शाळा का सुटली? फोन करून विचारा, मेसेज नको. ती बोलायला लागली की मधे बोलू नका. आणि चालणार असेल तर रेकॉर्ड करून ठेवा, कारण हा इतिहास कुठल्याच पुस्तकात छापलेला नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि ऐकत राहा!